सी भाषेतल्या बॅकअप सॉफ्टवेअरची डेटा-पाइपलाइन: बफर, रांगा आणि नीट शेवट

एक थ्रेड फाइल वाचतो, काही थ्रेड ती कॉम्प्रेस करतात, एक थ्रेड निकाल डिस्कवर किंवा नेटवर्कवर लिहितो. बॅकअप सॉफ्टवेअरची पाइपलाइन कागदावर एवढीच असते आणि पहिली चालती आवृत्ती लवकर उभी राहते. अडचणी पुढे येतात. मोठ्या सर्व्हरवर मेमरी संपते. कधी सगळे थ्रेड मधेच ठप्प होतात आणि सीपीयू शून्यावर येतो. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे टार्गेट डिस्क भरलेली असते, तरी प्रोग्रॅम एक्झिट कोड शून्य देऊन संपतो आणि बॅकअप झाला असे सगळे धरून चालतात.

ज्यांना सी येते, ज्यांनी एकदोन थ्रेड सुरू करून पाहिले आहेत आणि आता अशी पाइपलाइन पहिल्यांदाच हाताळायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लिनक्स आणि पोझिक्स थ्रेड गृहीत धरले आहेत.

वेगाचा विचार शेवटी करा. आधी तीन प्रश्नांची उत्तरे कोडमध्ये बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत: हा ब्लॉक या क्षणी कोणत्या थ्रेडच्या ताब्यात आहे, तो अडला तर नेमका कुठे अडेल, आणि काम संपले किंवा बिघडले हे प्रत्येक थ्रेडला कसे कळेल.

## पायरी १: टप्पे ठरवा, पण प्रत्येक टप्प्याला थ्रेड देऊ नका

डेटाचा प्रवास या क्रमाने होतो: वाचणे, हॅश (डेटाचा छोटा ठसा) काढणे, कॉम्प्रेस करणे, एन्क्रिप्ट करणे, लिहिणे. हा क्रम बदलू नका. हॅश मूळ डेटाचा हवा, कारण रिस्टोअर करताना हाती आलेली फाइल मूळ फाइलसारखीच आहे ना, हे त्यावरूनच ठरते. कॉम्प्रेशन एन्क्रिप्शनच्या आधीच व्हायला हवे; एन्क्रिप्ट झालेले बाइट यादृच्छिक दिसतात आणि ते आवळले जातच नाहीत.

पाच टप्पे म्हणून पाच प्रकारचे थ्रेड आणि चार रांगा, अशी रचना नवखे लोक हमखास करतात. त्याने फायदा होत नाही. हॅश, कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन ही तिन्ही सीपीयूची कामे आहेत. एकाच थ्रेडने एका ब्लॉकवर ती लागोपाठ केली तर ब्लॉक त्या कोअरच्या कॅशमध्ये राहण्याची शक्यता वाढते आणि रांगाही कमी लागतात. म्हणून थ्रेड तीनच प्रकारचे ठेवा: वाचक, कामगार, लेखक. कामगार कोअरच्या संख्येइतके, लेखक एक.

वाचक किती, हे डिस्कवर ठरते. फिरत्या हार्ड डिस्कवर एका डिस्कमागे एकच वाचक ठेवा. दोन वाचक दोन जागांहून वाचू लागले की हेड इकडून तिकडे धावत राहतो, प्रत्येक उडीला काही मिलिसेकंद जातात आणि एकूण वेग घसरतो. एसएसडीवर उलट आहे, तिथे एकाच वेळी अनेक विनंत्या गेल्या तरच तिची क्षमता वापरली जाते. चार वाचकांपासून सुरुवात करा.

## पायरी २: कामाची रचना आणि कामांचा साठा

पाइपलाइनमधून सुटे बफर फिरवू नका, ‘काम’ फिरवा. काम म्हणजे एक स्ट्रक्ट. त्यात ६४ बिटचा अनुक्रमांक, फाइलची ओळख, फाइलमधला ऑफसेट, इनपुट बफर व त्याची लांबी, आउटपुट बफर व त्याची लांबी, हॅश आणि त्रुटीचा कोड एवढे असावे.

ब्लॉकचा आकार १ मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट घ्या. ब्लॉक फार लहान केला तर कॉम्प्रेशन खालावते आणि लॉकची ये-जा वाढते. फार मोठा केला तर मेमरी फुगते आणि कॅशचा फायदा जातो. आउटपुट बफर इनपुटपेक्षा मोठा लागतो, कारण आधीच कॉम्प्रेस झालेला डेटा पुन्हा कॉम्प्रेस केल्यावर थोडा वाढतो. झेडस्टँडर्ड ही कॉम्प्रेशन लायब्ररी वापरत असाल तर झेडएसटीडी_कॉम्प्रेसबाउंड हे फंक्शन कमाल आकार सांगते; १ मेगाबाइटला ते १०,५२,६७२ बाइट देते, म्हणजे ४,०९६ बाइट जास्त. एन्क्रिप्शनचा टॅग (ब्लॉक कोणी बदलला नाही ना, हे तपासणारे बाइट) आणि तुमचा ब्लॉक-हेडर यांची जागा त्यात वेगळी मिळवा.

अशी कामे प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच तयार करा आणि मोकळ्या कामांच्या साठ्यात ठेवा. नंतर मॅलॉक नाही, फ्री नाही. आठ कामगार असतील तर ३२ कामे पुरतात: आठ कामगारांच्या हातात, साधारण तेवढीच त्यांच्यापुढे वाट पाहत, तेवढीच लेखकाकडे, आणि उरलेली वाचक व लेखकाच्या हातात. ३२ गुणिले २१,०१,२४८ म्हणजे ६,७२,३९,९३६ बाइट, साधारण ६४ मेगाबाइट. बॅकअप १० जीबीचा असो की १० टीबीचा, ब्लॉकसाठी लागणारी मेमरी एवढीच राहील. वाचक फार पुढे गेला तर साठा रिकामा होतो आणि तो आपोआप थांबतो. मागचा टप्पा पुढच्याला बुडवू शकत नाही, त्यामागे एवढे एकच कारण आहे.

बफर थ्रेडच्या स्टॅकवर ठेवू नका. ग्लिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर थ्रेडचा स्टॅक सहसा ८ मेगाबाइट असतो, म्हणून तिथे चालून जाते. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीवर तो डिफॉल्टने काहीशे किलोबाइटही नसतो आणि तोच प्रोग्रॅम तिथे सेगफॉल्टने पडतो.

इनपुट आणि आउटपुट बफर एकाच कामात का? इथे नीट थांबून पाहायला हवे. समजा तुम्ही दोन वेगळे साठे केले: इनपुट बफर १६ आणि आउटपुट बफर १६. कामगार इनपुट घेऊन येतो, कॉम्प्रेस करण्यासाठी आउटपुट बफर मागतो. लेखकाला ब्लॉक क्रमाने लिहायचे आहेत. आता १७ क्रमांकाचा ब्लॉक घेतलेला कामगार शेड्युलरने थोडा वेळ बाजूला ठेवला. तेवढ्यात बाकीच्यांनी १८ ते ३३ हे ब्लॉक पूर्ण केले आणि सोळाच्या सोळा आउटपुट बफर भरून लेखकाकडे दिले. लेखक ते लिहू शकत नाही, त्याला १७ हवा. १७ वाला कामगार परत येतो, आउटपुट बफर मागतो, साठा रिकामा. लेखक त्याची वाट पाहतो, तो लेखकाची. बॅकअप तिथेच कायमचा थांबला. चाचणीत हे दिसत नाही. कोअर जास्त आणि मशीनवर ताण असला की दिसते. दोन्ही बफर एकाच कामात बांधलेले असले तर हा पेच उद्भवतच नाही: ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे ते पूर्ण करण्याचे सगळे सामान आधीच आहे.

याच पेचाचे दुसरे रूप अनेक वाचक असताना येते. एका वाचकाने आधी अनुक्रमांक ४० घेतला आणि मग साठ्यातून काम मागितले, तर मधल्या वेळात इतर वाचक ४१ पासून पुढचे क्रमांक लावून सगळी कामे उचलू शकतात. लेखक ४० साठी अडतो आणि ४० ला काम मिळत नाही. म्हणून आधी काम घ्या, मग क्रमांक. आणि एकदा क्रमांक लावला की ते काम लेखकापर्यंत गेलेच पाहिजे. वाचताना त्रुटी आली किंवा फाइल तिथेच संपली, तरी शून्य लांबीचे काम त्रुटीच्या कोडसह पुढे पाठवा. क्रमांकांच्या मालिकेत खड्डा पडला की लेखक कायमचा अडकला.

## पायरी ३: रांग

रांग म्हणजे रिंग बफर (शेवटाला पोचले की सुरुवातीला वळणारा ॲरे), एक म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे लॉक), एक कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला झोपवून, सिग्नल आला की उठवणारी सोय) आणि दोन खुणा: ‘बंद’ आणि ‘रद्द’. दोन्हींचा अर्थ वेगळा ठेवा. बंद म्हणजे नवीन काही येणार नाही, पण आत आहे ते संपवा. रद्द म्हणजे आत काहीही असो, लगेच बाहेर पडा.

नेहमीच्या रचनेत ‘रिकामी नाही’ आणि ‘भरलेली नाही’ अशी दोन कंडिशन व्हेरिएबल असतात. इथे दुसऱ्याची गरज नाही. एकूण कामे ३२ आहेत, तर प्रत्येक रांगेची क्षमताही ३२ ठेवा. मग कोणतीही रांग ओसंडूच शकत नाही आणि रांगेत टाकणारा थ्रेड कधी थांबत नाही. थांबणे फक्त काढताना. कोण कोणासाठी अडू शकतो, हे डोक्यात धरणे त्याने निम्म्याने सोपे होते. मोकळ्या कामांचा साठा हीसुद्धा अशीच एक रांग आहे, तेच फंक्शन वापरा.

रांगेतून काढण्याचा क्रम असा:

    लॉक घ्या
    जोपर्यंत रांग रिकामी आहे, आणि बंद नाही, आणि रद्द नाही:
        कंडिशन व्हेरिएबलवर थांबा
    रद्द असेल तर: लॉक सोडा, ‘रद्द’ परत द्या
    रांग रिकामी असेल तर: लॉक सोडा, ‘संपले’ परत द्या
    पुढचे काम काढा
    लॉक सोडा, काम परत द्या

‘जोपर्यंत’ म्हणजे व्हाइल, इफ नव्हे. पीथ्रेड_कॉन्ड_वेट कारण नसतानाही परत येऊ शकते, हे प्रमाणातच लिहिलेले आहे. शिवाय तुम्ही जागे होऊन लॉक मिळवेपर्यंत दुसऱ्या थ्रेडने ते काम नेलेले असू शकते. इफ लिहिलेला कोड चाचणीत व्यवस्थित चालतो आणि नंतर कधीतरी रिकाम्या रांगेतून कचरा उचलतो.

रांगेत टाकताना लॉक घ्या, काम ठेवा, सिग्नल द्या, लॉक सोडा. बंद किंवा रद्द करताना मात्र सिग्नल नव्हे, ब्रॉडकास्ट. सिग्नलने एकाच थ्रेडची खात्री मिळते. बाकीचे सात झोपून राहिले की शेवटचा जॉइन परत येत नाही.

काम रांगेत टाकले की त्यावरचा तुमचा हक्क संपला. त्यानंतर त्याची लांबी लॉगमध्ये छापण्यासाठीसुद्धा त्याला हात लावू नका. तोवर ते दुसऱ्याने भरून, लिहून, साठ्यात परत टाकून पुन्हा उचलले असेल. छापायचे असेल ते आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या.

लेखकाची रांग कोणी बंद करायची? कामगार अनेक आहेत. जो कामगार पहिला संपेल त्याने रांग बंद केली तर उरलेल्यांचे ब्लॉक हरवतात, आणि हे शेवटच्या काही ब्लॉकच्या बाबतीतच घडत असल्याने बराच काळ लक्षात येत नाही. चालू कामगारांचा मोजक ठेवा, तो लॉकखाली एकेकाने कमी करा आणि तो शून्यावर नेणाऱ्यानेच रांग बंद करावी. अनेक वाचक असतील तर त्यांच्याकडेही हाच नियम.

लॉक-फ्री रांगेच्या मोहात पडू नका. १ मेगाबाइटचे ब्लॉक आणि सेकंदाला १ जीबी वेग धरला तरी रांगेवर सेकंदाला हजारभर कामे जातात. एवढ्यासाठी म्यूटेक्सचा खर्च मोजण्यातही येत नाही. आणि थ्रेडमधल्या सामायिक खुणांसाठी व्होलाटाइल वापरू नका. ते थ्रेडसाठी बनलेलेच नाही. म्यूटेक्स किंवा सी११ मधले ॲटॉमिक प्रकार वापरा.

## पायरी ४: वाचक

रीड जेवढे मागितले तेवढे देईलच असे नाही. ब्लॉक भरेपर्यंत किंवा शून्य परत येईपर्यंत लूपमध्ये वाचा, ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) आल्यास पुन्हा प्रयत्न करा. शून्य म्हणजे फाइल संपली. ऋण म्हणजे त्रुटी. एररनो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो, पण पुढच्याच लायब्ररी कॉलने तो बदलू शकतो, म्हणून लगेच कामाच्या त्रुटी-कोडमध्ये नोंदवा. पीथ्रेडची बहुतेक फंक्शन्स एररनोला हात लावत नाहीत, ती त्रुटीचा कोड थेट परत देतात. तिथे एररनो पाहिला तर जुनीच त्रुटी दिसेल.

ओपन करण्याआधी लस्टॅटने फाइलचा प्रकार बघा. वाटेत एखादा नेम्ड पाइप असला आणि तुम्ही तो सरळ वाचण्यासाठी उघडला, तर दुसऱ्या टोकाला कोणी येईपर्यंत ओपन परत येणार नाही आणि वाचक तिथेच अडकेल. साध्या फाइलसाठीही ओ_नॉनब्लॉक (न अडता उघडा) आणि ओ_नोफॉलो (सिमलिंकमागे जाऊ नका) लावा, कारण लस्टॅट आणि ओपन यांच्या मधल्या काळात नाव बदलू शकते. उघडल्यावर एफस्टॅटने पुन्हा खात्री करा.

फाइल वाचत असताना बदलते, हे गृहीतच धरा. सुरुवातीला आणि शेवटी एफस्टॅट घेऊन आकार, एमटाइम (मजकूर बदलल्याची वेळ) व सीटाइम (फाइलची माहिती बदलल्याची वेळ) ताडून पाहा. फाइल वाढत असेल तर सुरुवातीच्या आकारापाशी थांबा, नाहीतर वाढत्या लॉगफाइलमागे धावत राहाल. घटली आणि हेडरमध्ये आकार आधीच लिहून झाला असेल, तर उरलेली जागा शून्यांनी भरा आणि इशारा नोंदवा. जीएनयू टारही हेच करतो. डेटाबेसच्या फाइल अशा पद्धतीने घेऊच नका. त्यासाठी एलव्हीएम, झेडएफएस किंवा बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन त्यावरून वाचा, किंवा त्या डेटाबेसचे स्वतःचे बॅकअप साधन वापरा.

पोझिक्स_एफॲडव्हाइजने आधी ‘सिक्वेन्शियल’ सांगा आणि वाचून झालेल्या भागाला ‘डोन्टनीड’. नाहीतर बॅकअपच्या एका फेरीत पेज कॅशमधून (कर्नलने मेमरीत ठेवलेल्या फाइलच्या पानांतून) इतरांच्या उपयोगाचा डेटा बाहेर ढकलला जातो आणि सर्व्हर मंदावल्याची तक्रार येते. ओ_नोएटाइम (वाचल्याची वेळ न बदलता उघडणारा फ्लॅग) फाइलच्या मालकालाच किंवा तशी परवानगी असलेल्या प्रोसेसलाच चालते. ईपर्म (परवानगी नाही) आले तर तो फ्लॅग काढून पुन्हा उघडा. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-इमेजसारख्या विरळ फाइलमध्ये सीक_डेटा आणि सीक_होल यांनी पोकळ्या ओलांडा. लिनक्समध्ये ही सोय ३.१ पासून आहे.

लहान फाइल लाखोंनी असतात. प्रत्येकीला स्वतंत्र काम दिले तर २ केबीच्या फाइलसाठी २ मेगाबाइटचे काम अडून राहते. एका ब्लॉकमध्ये अनेक फाइल भरा आणि प्रत्येकीचा ऑफसेट कॅटलॉगमध्ये (बॅकअपमध्ये काय कुठे आहे याच्या यादीत) ठेवा.

## पायरी ५: कामगार

कॉम्प्रेशनचा कॉन्टेक्स्ट प्रत्येक कामगाराचा स्वतःचा हवा. तो थ्रेड सुरू होताना तयार करा आणि प्रत्येक ब्लॉकला तोच पुन्हा वापरा. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र फ्रेम म्हणून कॉम्प्रेस करा. त्याने आकार थोडा वाढतो, पण एक ब्लॉक खराब झाला तर नुकसान त्याच्यापुरतेच राहते, आणि झेडस्टँडर्डच्या फ्रेम एकामागे एक जोडल्या तरी डिकॉम्प्रेस होतात. परत आलेली किंमत झेडएसटीडी_इझएररने तपासल्याशिवाय लांबी म्हणून वापरू नका. कॉम्प्रेस होऊनही ब्लॉक लहान झाला नाही, तर मूळच ठेवा आणि हेडरमध्ये तशी खूण करा.

एन्क्रिप्शन एईएस-जीसीएम पद्धतीने असेल तर ९६ बिटचा नॉन्स (प्रत्येक ब्लॉकला दिला जाणारा, एकदाच वापरायचा आकडा) एका कीसोबत दोनदा वापरला जाता कामा नये. एकदा जरी तसे झाले तरी त्या दोन ब्लॉकची गुप्तता जाते आणि बनावट ब्लॉक घुसवण्याची वाट मोकळी होते. अनेक थ्रेडमध्ये ही चूक सहज घडते: प्रत्येक कामगाराचा आपापला मोजक शून्यापासून सुरू होतो आणि की मात्र सामायिक असते. उपाय तयारच आहे. कामाचा अनुक्रमांक अख्ख्या बॅकअपमध्ये एकमेव आहे, नॉन्स त्यावरून बनवा आणि प्रत्येक बॅकअपला नवी की घ्या. तोच क्रमांक जोडीचा प्रमाणित डेटा म्हणूनही द्या, म्हणजे ब्लॉकची अदलाबदल झाली तर रिस्टोअर लगेच ओरडेल.

लॉकलटाइम आणि स्ट्रएरर ही फंक्शन्स थ्रेडमध्ये सुरक्षित असतीलच अशी खात्री प्रमाण देत नाही. त्यांचे _आर आवृत्तीतले भाऊबंद वापरा.

## पायरी ६: लेखक

कामगार ज्या क्रमाने संपवतात त्या क्रमाने ब्लॉक येतात. लेखकाला ते अनुक्रमांकाने लावायचे आहेत. यासाठी हीप किंवा हॅशटेबल नको. ३२ खणांचा ॲरे घ्या आणि आलेले काम ‘क्रमांक भागिले ३२’च्या बाकीच्या खणात ठेवा. लेखक क्रमानेच लिहितो आणि लिहिल्यावरच काम साठ्यात परत टाकतो, त्यामुळे एका वेळी वाटेत असलेले क्रमांक नेहमी ३२ च्या पट्ट्यातच असतात आणि दोन कामे एका खणात भिडू शकत नाहीत. मग ‘पुढचा हवा तो’ खण भरलेला असेपर्यंत लिहीत राहायचे, रिकामा दिसला की रांगेतून नवीन काम घ्यायचे. असा कोड प्रत्यक्ष वाचायचा असेल तर पिगझेड हा कॉम्प्रेशनचा प्रोग्रॅम पाहा: तोही सीमध्ये आहे, डिफॉल्टने १२८ केबीचे ब्लॉक अनेक थ्रेडवर कॉम्प्रेस करतो आणि लिहिणारा थ्रेड ते क्रमाने लावतो.

राइटही अर्धवट लिहून परत येते, म्हणून इथेही लूप. तुटलेल्या सॉकेटवर लिहिले तर सिगपाइप हा सिग्नल अख्खा प्रोग्रॅम मारतो. तो दुर्लक्षित करा किंवा सेंडला एमएसजी_नोसिग्नल द्या.

सेंड यशस्वी झाले याचा अर्थ डेटा तुमच्याच कर्नलच्या बफरमध्ये गेला, इतकाच. समोरच्या सर्व्हरने ‘डिस्कवर पोचले’ अशी पावती दिल्याशिवाय तो ब्लॉक झाला असे मानू नका. पण प्रत्येक ब्लॉकनंतर पावतीसाठी थांबलात तर वेग कोसळेल. सेकंदाला १ गिगाबिटची लाइन आणि ५० मिलिसेकंदांची फेरी असेल तर १२५ मेगाबाइट गुणिले ०.०५, म्हणजे ६.२५ मेगाबाइट सतत वाटेत हवेत. पावती येईपर्यंत काम धरून ठेवायचे असेल तर साठ्यात तेवढी कामे जास्त ठेवा.

स्थानिक डिस्कवर शेवट असा करा: तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (कर्नलच्या बफरमधला डेटा डिस्कवर उतरवा), रिनेम करा, मग त्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर उघडून त्यावर एफसिंक करा. कॅटलॉगमधली ‘पूर्ण’ ही नोंद सर्वांत शेवटी. एफसिंकने त्रुटी दिली तर पुन्हा एफसिंक करून समाधान मानू नका. लिनक्सवर लिहिण्यात अपयशी ठरलेली पाने स्वच्छ मानली जाऊ शकतात आणि दुसरे एफसिंक यशस्वी म्हणून परत येऊ शकते; पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकांमध्ये २०१८ साली याच वर्तनावर मोठी चर्चा झाली. ती फाइल गेली असे समजा आणि नव्याने लिहा.

क्लोजने ईइंटर दिले तर लिनक्सवर ते पुन्हा बोलावू नका. डिस्क्रिप्टर तेव्हाच मोकळा झालेला असतो आणि तोच नंबर दुसऱ्या थ्रेडच्या नव्या फाइलला मिळालेला असू शकतो. तुम्ही त्याची फाइल बंद कराल.

टेपवर लिहायचे असेल तर एक वेगळी काळजी. एलटीओ-८ ड्राइव्हचा मूळ वेग सेकंदाला ३६० मेगाबाइटपर्यंत असतो. डेटा त्याच्या किमान वेगापेक्षा हळू आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते, आणि यात वेळही जातो आणि टेपही झिजते. तिथे साठा काही जीबींचा ठेवा आणि तो बहुतांश भरल्यावरच लिहायला सुरुवात करा.

## पायरी ७: त्रुटी, सिग्नल आणि शेवट

त्रुटी दोन प्रकारच्या असतात. एक फाइल वाचता आली नाही, परवानगी नव्हती: ती नोंदवा, पुढे चला, शेवटी एक्झिट कोड शून्य देऊ नका. टार्गेट भरले, कनेक्शन गेले: सगळे थांबवा. जीएनयू टारची पद्धत उचलण्यासारखी आहे: ० म्हणजे सर्व ठीक, १ म्हणजे काही फाइल वाचताना बदलल्या, २ म्हणजे घातक त्रुटी.

घातक त्रुटी आलेल्या थ्रेडने लॉकखाली पहिली त्रुटी नोंदवावी: कोड, टप्पा, फाइलचा मार्ग. नंतरच्या त्रुटींनी ती पुसली जाऊ नये, कारण लेखक पडल्यावर मागून येणाऱ्या बहुतेक त्रुटी त्याचेच पडसाद असतात. मग साठ्यासकट सर्व रांगा रद्द कराव्यात. साठा विसरला जातो. वाचक तिथेच झोपलेला असतो. प्रत्येक थ्रेड ‘रद्द’ पाहून आपल्या फंक्शनमधून परत येतो, मुख्य थ्रेड सर्वांना जॉइन करतो आणि त्यानंतरच रांगा व बफर मोकळे करतो. पीथ्रेड_कॅन्सल वापरू नका. तो लॉक धरलेला थ्रेडही मारू शकतो आणि ते लॉक मग कोणी सोडत नाही.

सॉकेटवर अडकलेल्या थ्रेडला उठवायचे असेल तर दुसऱ्या थ्रेडमधून शटडाउन करा, क्लोज नव्हे. कारण वरचेच, नंबर पुन्हा वापरला जातो. बंद पडलेल्या एनएफएसवर वाचत अडकलेला थ्रेड मात्र कशानेच उठत नसेल, तर ठरावीक वेळ थांबून, त्रुटी लॉगमध्ये टाकून, अपयशाच्या कोडने अख्खी प्रोसेस संपवणे हाच मार्ग.

सिग्नलसाठी, एकही थ्रेड सुरू करण्याआधी मुख्य थ्रेडमध्ये सिगइंट आणि सिगटर्म पीथ्रेड_सिगमास्कने अडवा. नवे थ्रेड तोच मास्क घेऊन जन्मतात. मग एक थ्रेड सिगवेटवर ठेवा. सिग्नल आला की त्याने रद्द करण्याचे तेच फंक्शन बोलवावे. सिग्नल हँडलरमध्ये म्यूटेक्सला हात लावायची वेळच येत नाही.

## पायरी ८: मोजा, मग थ्रेड वाढवा

प्रत्येक थ्रेडने कोणत्या रांगेवर किती वेळ थांबला याची बेरीज क्लॉक_मोनोटॉनिकने ठेवा आणि शेवटी छापा. जो कधीच थांबत नाही तो अडथळा. वाचक साठ्यापाशी थांबतोय आणि कामगारही रिकामे बसले आहेत, तर लेखक किंवा त्यामागचे नेटवर्क हळू आहे. कामगार वाढवून काही होणार नाही, उलट कॉम्प्रेशनची पातळी वाढवली तर नेटवर्कवरचा भार कमी होईल. कामगार कधीच थांबत नाहीत आणि लेखक वाट पाहतोय, तर पातळी ३ वरून १ वर आणून पाहा. कामगार आणि लेखक दोघेही रिकामे असतील तर डिस्कच तेवढी आहे.

सिसकॉन्फने सांगितलेली कोअरची संख्या कंटेनरमध्ये फसवते. ६४ कोअरच्या मशीनवर दोन कोअरची मर्यादा दिलेला कंटेनर ६४ च सांगू शकतो. कामगारांची संख्या ऑप्शनने देता येईल अशी ठेवा.

## पायरी ९: मोडून पाहा

कामांची संख्या १ करून चालवा. पाइपलाइन हळू चालेल, पण चाललीच पाहिजे. अडली तर क्रमांक आणि काम घेण्याचा क्रम पुन्हा तपासा. मग ब्लॉकचा आकार ७ बाइट करा, त्याने सीमेवरच्या चुका भराभर वर येतात. आउटपुट /डेव्ह/फुल वर पाठवा: तिथे प्रत्येक राइट ‘जागा नाही’ म्हणते, तेव्हा प्रोग्रॅम काही क्षणांत, शून्य नसलेल्या कोडने आणि योग्य संदेशासह संपला पाहिजे. कामगाराच्या लूपमध्ये यादृच्छिक झोप घालून क्रम बिघडवा. थ्रेडसॅनिटायझर या थ्रेडमधल्या चुका पकडणाऱ्या साधनाने बिल्ड करून हे सगळे पुन्हा चालवा. प्रोग्रॅम ५ ते १५ पट हळू होतो, म्हणून डेटा थोडाच द्या. मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेससॅनिटायझर त्याच बिल्डमध्ये चालत नाही, त्याचे वेगळे बिल्ड करा.

ठप्प झालेला प्रोग्रॅम लगेच मारू नका. जीडीबी हा डीबगर जोडून ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ घ्या, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोणत्या फंक्शनमध्ये आहे हे कळेल. कोण कोणत्या रांगेवर झोपला आहे हे एका नजरेत दिसते, आणि बहुतेक वेळा चूकही तिथेच दिसते.

शेवटी मध्येच प्रोसेसला किल -९ द्या आणि पुन्हा चालवा. अर्धवट फाइल तात्पुरत्या नावानेच पडून राहिली पाहिजे, कॅटलॉगमध्ये तिची ‘पूर्ण’ अशी नोंद नसावी आणि नव्या फेरीने ती बाजूला सारावी. त्या फेरीतून आलेला बॅकअप दुसऱ्या डिरेक्टरीत रिस्टोअर करून प्रत्येक फाइलचा हॅश मुळाशी ताडा, विरळ फाइल आणि शून्य बाइटच्या फाइल धरून.